तांडेलकाका आणि राहिलेला तिसरा अंक

तांडेलकाका दिवसातून दोनदा छताला कान लावायचे. म्हणजे चढून नव्हे हो, खालूनच. रिकाम्या थिएटरात डाव्या विंगेत, पडद्याच्या पुढच्या अंगाला, दोरांच्या जुडग्याशेजारी स्टुलावर बसलेले असायचे, आणि मध्येच बोट वर करून म्हणायचे, "ऐक. पाणी चढतंय." मग खरंच वर, त्या उंच काळोखात, लाकूड करकरायला लागायचं. आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. समुद्र तिथून चांगला दहा मिनिटांच्या चालीवर. तरी भरती आली की मयूरविलासचं छत बोलायचं आणि ओहोटी लागली की गप्प व्हायचं. माझा विश्वास बसला नव्हता. घरी जाताना मी मासळीवालीला मुद्दाम विचारायची, "भरती कधी लागली गो?" ती सांगायची ती वेळ आणि काकांच्या बोटाची वेळ एकच निघायची.

मयूरविलास तुम्ही पाहिलं नसणार, आता ते नाहीच. रत्नागिरीत आमच्या आळीच्या तोंडावरच होतं ते. गलबतांवर मोठे झालेले एक शेठजी होते, त्यांनी ते हौसेनं बांधलं. भिंती जांभ्याच्या, खांब सागाचे आणि खांबांवर कोरलेल्या वेली. खिडक्यांना लाल-हिरव्या काचा, त्यातून दुपारचं ऊन आत आलं की खुर्च्यांवर रंग सांडल्यासारखे दिसायचे. वर बायकांसाठी वेगळा सज्जा, त्याच्या कठड्यावर नि त्याच्या माथ्यावर ओळीनं चुन्याचे मोर. प्रत्येक मोराला काचेचे डोळे. दिवे कमी झाले की मोर दिसेनासे व्हायचे, डोळे तेवढे राहायचे. आणि छत? ते करायला शेठजींनी जयगडच्या खाडीवरचे मुसलमान सुतार आणले होते. ते गलबतं बांधणारे, त्यांना दुसरं छप्पर कुठून माहीत! त्यांनी एक गलबतच बांधलं, लाकडी मेखांचं, खिळा न मारता, आणि भिंतींवर पालथं घातलं.

"पालथं गलबत हाय ह्ये," तांडेलकाका सांगायचे. "आणि आपण खालून त्याचा तळ बघतो. पालथ्या गलबताखाली कोण असतं, सांग बघू?"

मी म्हणायची, "कोण?"

"बुडालेली माणसं," ते शांतपणे म्हणायचे, आणि बिडी पेटवायचे.

नाव त्यांचं विश्राम. पण तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य खलाशी. तरुणपणी ते मालवाहू गलबतांवर होते, म्हणून अख्खी आळी त्यांना तांडेलच म्हणायची. शिडाची गलबतं बंद पडली तेव्हा ते इथं पडदा ओढायला आले. दोर तो दोर, शीड काय नि पडदा काय! अनवाणी उभे राहायचे, पायाच्या अंगठ्यात दोराचं टोक धरायचे, आणि पडदा असा उतरायचा की जणू कुणी पापणी मिटतंय.

माझी त्यांची ओळख त्या पडद्यामुळेच झाली. मी लग्न होऊन नुकती आले होते. शिवण कुणाकडे शिकले नाही, जुनी झंपरं उसवून उसवून शिकले. एकदा दर्शनी पडद्याला उभी चीर गेली आणि मला बोलावणं आलं. पडदा टांगलेलाच होता. मी दाभण घेऊन स्टुलावर चढले तर काका ओरडले, "थांब गो! तशीच शिवतेस?"

"मग कशी शिवू?"

"अंगावरचा कपडा शिवताना माणसाच्या तोंडात काडी देतात का नाय? ह्यो पण अंगावरच हाय." त्यांनी काथ्याचा एक धागा तोडला आणि पडद्याच्या दुमडीत, बरोबर तोंडाच्या उंचीवर, खोवून ठेवला. मग म्हणाले, "हां. आता टोच."

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. पण टाके घालताना मात्र तो पडदा दर टाक्याला किंचित आत जायचा, जणू पलीकडून कुणी श्वास घेतंय. वारा नव्हता. मी ती चीर इतक्या घाईत शिवली की आजही लाज वाटते.

पुढे नाटकमंडळींचे कपडे शिवायला, बायकांच्या दारावर बसायला, मी तिथं जाऊ लागले ती गेलेच. घरातलं आवरून दुपारी तिकडे. माझी बडबड ऐकून काका कंटाळायचे. "तुजी जीभ म्हणजे सुटलेला दोर," म्हणायचे. "वारा नसला तरी हलते." पण मी दोन दिवस गेले नाही की नलूला, त्यांच्या भाचीला, पाठवायचे. निरोप एवढाच, "मेली का जिती हाय, बघून ये."

आता त्या खुर्चीचं सांगते. त्याशिवाय काका कळायचे नाहीत.

बायकांच्या सज्ज्यात पुढच्या रांगेत, जिन्याकडची कडेची वेताची खुर्ची कायम रिकामी ठेवायची, असा रिवाज होता. कितीही गर्दी होवो. खेळाच्या आधी काका पानाचा विडा घेऊन वर जायचे, तो खुर्चीवर ठेवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. आपल्याकडे जागेच्या राखणदाराला घालतात ना, तसंच. पण देवाशी बोलतात तशा आवाजात नाही, शेजारणीशी बोलावं तसं. "बाय, आज मुंबयची कंपनी हाय. तीन अंकी खेळ. नीट बस, बघ. आणि खाली पोरंबाळं हायत, कुणाच्या केसाला धक्का लागू देऊ नको." खेळ संपला, लोक गेले, दिवे मालवले की पुन्हा जिना चढायचे. "बाय, माणसं गेली. दिवे मालवले. मी दार लावतो. आता तू पण जा." मग थोडं थांबायचे. मग खाली यायचे. ते थांबणं किती वेळाचं हे कधी ठरलेलं नसे. एकदा मी विचारलं, "कशासाठी थांबता हो?"

"म्हातारं मानूस जिना उतरायला येळ लावतं," ते म्हणाले.

ही बाय कोण, तर हॉलचं बांधकाम चाललं होतं तेव्हा जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहणारी एक उतारवयाची बाई. नाव कुणालाच माहीत नाही. मेस्त्रीला रोज विचारायची, "इथं काय होणार?" तो सांगायचा, "नाटक." "ता मी बघेन?" "बघशील. पहिली खुर्ची तुजी." सज्ज्याचा कठडा बसायच्या आधीच ती वरून पडून गेली. दिलेला शब्द राहिला. तेव्हापासून ती खुर्ची तिची, आणि दोर ओढणाऱ्यानं पुढच्या दोर ओढणाऱ्याला हे सांगून जायचं, अशी रीत चालत आली. काकांना आधीच्या माणसानं सांगितलं होतं. काकांच्या नंतर कुणी येणारच नव्हतं.

कारण मयूरविलास उतरणीला लागलं होतं. एके काळी तिथं संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालत, म्हणे. मग बोलपट आले, पडद्यापुढे पांढरा पडदा लागला. मग मुंबईच्या कंपन्या, मग त्याही येईनाशा झाल्या. मग लग्नं लागली, साड्यांचे सेल लागले. दर पावसाळ्यात मोरांचे रंग ओघळायचे, काचांच्या जागी पत्रे आले, वटवाघळं आली. कंपनी असो की साड्यांचा सेल, काका मात्र विडा घेऊन वर जातच. मी चेष्टा करायची, "अहो, सेल कसला बघणार ती?"

"बाईमानूस हाय. साड्या बघंल," ते म्हणायचे.

शेवटचा खेळ आमच्याच गावातल्या हौशी मंडळींचा. कपडे मी शिवलेले, तालमी बघून बघून नाटक मला तोंडपाठ. गोष्ट एका खलाशाच्या घरची. तो बुडाला असं समजून घरच्यांनी बायकोचं दुसरं लग्न ठरवलंय. आंधळी सासू एकटीच विरोधात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी लग्नाचं बोलणं पक्कं होतं आणि दार वाजतं. पडदा.

त्या दिवशी पुष्कळ वर्षांनी हॉल गच्च भरला. आणि माझ्या नणंदबाई, लांज्याच्या वन्सं, ऐन वेळी आल्या, नेसूचं झुळझुळीत, पायात दुखणं. सज्ज्यात जागा नाही. "इतकी वर्षं इथं उठबस तुझी, आणि मला उभी ठेवणार होय गं?" वन्सं म्हणाल्या. माहेरवाशिणीला उभं ठेवलं असतं तर सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी विडा उचलला, पदराला बांधला, आणि वन्संना त्या खुर्चीवर बसवलं.

पहिल्या घंटेला काका विंगेतून वर बघायचेच. त्यांनी बघितलं. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा मला कुठला दिसायला, पण ते वळले नाहीत, तसेच वर बघत राहिले. दुसरी घंटा झाली, तिसरी झाली. पडदा उघडायला त्यांनी त्या दिवशी उशीर केला. तसं कधीच झालं नव्हतं.

दुसरा अंक रंगला होता. वन्सं माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "गो, इथं गार का लागतंय? आणि मांडी भरून आलीय. कुणी येऊन बसल्यासारखी."

"पाय अवघडले असतील."

"नाही गं. जड आहे." आणि त्या उठल्या. पाणी प्यायला म्हणून जिन्याकडे आल्या. तेवढ्यात रंगमंचावर दार वाजलं. पडदा उतरायला लागला. आणि माथ्यावरचा मोर सुटला आणि त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला. हो, बसलाच. पडला असता तर खुर्ची मोडली असती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. किंकाळी, चपला, जिन्यावर माणसांचा लोट. कुणालाही खरचटलं नाही, एवढ्या गर्दीत एका पोराचा गुडघा फुटला नाही. मी खाली पोचले तेव्हा पडदा अर्ध्यावर लटकत होता आणि काका दोराखाली आडवे. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. कुणीतरी दोर घाईत खुंटीला गुंडाळला होता. दुसऱ्या दिवशी इमारत धोकादायक म्हणून दाराला सील लागलं. वर जाऊन "बाय, माणसं गेली" असं सांगायला कुणी उरलंच नाही.

काका नलूकडे पडून असत, बंदराकडच्या घरात. मी आठवड्यातून एकदा जायची. त्यांना फक्त "बा... बा..." एवढंच यायचं. नलूला वाटायचं, मामा बापाची आठवण काढतात. मला कळत होतं. ते डाव्या हाताचं बोट वर करायचे, आणि मग दोन बोटं चादरीवर उभी रोवायचे, पायांसारखी. माझ्याकडे बघायचे. ती उभी आहे. तू तिची खुर्ची दिलीस, आणि ती तेव्हापासून उभी आहे. मला अगदी स्वच्छ कळायचं. आणि मी, बोलण्यात कुणाला न हरणारी बाई, नलूला विचारायची, "चहा ठेवतेस ना गो?" असं किती वर्षं केलं, ते सांगवत नाही.

मग यंदा पावसाळा संपता संपता हमीदभाई घरी आले. त्यांचा लाकडाचा धंदा. जयगडच्या ज्या सुतारांनी ते छत बांधलं त्यांचेच पणतू. "मावशी, मयूरविलास पाडतायत," म्हणाले. "लाकूड मी घेतलंय. दुसऱ्याच्या हाती द्यायचा जीव नाय झाला. सोमवारपासून माणसं वर चढवतो. तांडेलांना सांगावं म्हटलं."

आम्ही काकांना सांगितलं. त्यांनी इतक्या जोरानं मान हलवली की नलू घाबरली. बोट वर. मग दोन बोटं उभी. मग तोच हात पालथा करून, होडीसारखा, चादरीवर आपटला. एकदा, दोनदा. हमीदभाईंना काही कळेना, पण मला कळलं. तिला तशीच उभी ठेवून छत उतरवलंत, तर खालची माणसं राहायची नाहीत. सोमवारी त्या पालथ्या गलबताखाली वीस-पंचवीस कामगार असणार होते.

"हमीदभाई," मी म्हटलं, "मला आणि ह्यांना एकदा आत न्याल?"

रविवारी दुपारी गेलो. हमीदभाई आणि नलूनं काकांना खुर्चीसकट उचलून विंगेत नेलं, दोराशी. आत धुळीचा आणि वटवाघळांचा वास. उरलेल्या दोन काचांतून ऊन आलं होतं, एक लाल पट्टा, एक हिरवा. पडदा अर्ध्यावर, जसाच्या तसा. माझा तो ओबडधोबड टाका दिसत होता, आणि दुमडीत काथ्याचा धागासुद्धा.

वर मी एकटी गेले. मोर खुर्चीत बसलेला. एक डोळा शाबूत, माझ्याकडे. मी त्याला उचलून खाली ठेवला, पदरानं खुर्ची पुसली, बरोबर आणलेला विडा ठेवला. आणि हात जोडून म्हटलं, "बाय, चूक माझी. वन्संची नाही, काकांची नाही. पाहुणीसाठी मी तुला उठवलं. आता बस." मग तोंडात आलेलं वाक्य, "खेळ संपला," म्हणणार, तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला. "बा! बा!" वाकून बघितलं तर ते मान हलवत होते. नाही. तीन बोटं दाखवत होते.

तेव्हा लक्षात आलं. खेळ संपलाच नव्हता. दार वाजलं होतं आणि पुढं काय झालं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं उभी राहून ती कशाची वाट बघत होती? दारात कोण आहे त्याची!

मग मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि तिसरा अंक सांगितला. सगळ्यांचे आवाज काढून सांगितला. दारात तोच खलाशी होता, पण उन्हानं करपलेला, दाढी वाढलेली. बायको ओळखेना, भाऊ ओळखायला तयार नाही. तो अंगणात आला तशी आंधळी सासू म्हणाली, "ह्याचा डावा पाय अजून आधी पडतो. माझाच आहे." इथवर आले आणि शेजारी वेत करकरला. माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतं ना, तसा. माझ्या उजव्या बाजूला गार झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटत होतं आणि बसता येत नव्हतं. मी मान वळवली नाही. समोरच्या मोरांच्या डोळ्यांकडे बघत शेवटापर्यंत सांगत गेले.

शेवट झाला. खाली काकांनी डाव्या हातानं खुंटीचा दोर सोडला, डाव्या पायाच्या अंगठ्यात धरला, आणि पडदा उतरला. तसाच, पापणी मिटावी तसा.

मी उठले आणि म्हटलं, "बाय, माणसं गेली. दिवे मालवले. मी दार लावते. आता तू पण जा."

वर छत बोलायला लागलं. सज्ज्याच्या कोपऱ्यातून सुरू झालं आणि हळूहळू दाराकडे गेलं. दारात उभे असलेले हमीदभाई वर बघत म्हणाले, "मावशी, ह्ये कसं? आता तर ओहोटी हाय." मी काकांकडे बघत होते. त्यांची नजर जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. मग एक पायरी खाली. मग आणखी एक. म्हातारं माणूस उतरतं तशी सावकाश ती नजर जिना उतरली, खुर्च्यांच्या मधून गेली, हमीदभाईंच्या शेजारून दाराबाहेर पडली आणि थांबली. जिन्यावरच्या धुळीकडे मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

सोमवारपासून छत उतरलं. एकेक मेख काढून, एकेक फळी. कुणाला साधं कुसळ लागलं नाही, असं हमीदभाई स्वतः सांगून गेले.

काका त्यानंतर पंधरा दिवस होते. शेवटच्या दिवशी आळी लोटली होती त्यांना बघायला. डॉक्टर म्हणाले, आता कशावर तगून आहेत कळत नाही. जेवणवेळ झाली, एकेक करून माणसं उठली. नलू आत गेली. मी एकटी उशाशी. काकांच्या डाव्या हाताची मूठ आवळलेली, दोर धरल्यासारखी, आणि डोळे माझ्यावर. वाट बघत होते. अहो, इतकी वर्षं दुसऱ्याला सांगत आलेला माणूस. त्याला कुणी सांगायला नको?

मी वाकले आणि कानाशी म्हटलं, "काका, माणसं गेली. दिवे मालवले. मी दार लावते. आता तुम्हीही जा."

मूठ सुटली. मी लगेच उठले नाही. ते थांबायचे तशी थांबले.

आता ही रीत माझ्याकडे आली आहे, आणि मला दोर ओढता येत नाही. म्हणून सुनेला बसवून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द पाठ करून घेतले. ती म्हणाली, "आई, मी म्हणेन हो. पण तुमचं बोलणं संपल्याशिवाय तुम्ही कुठल्या उठताय!"

खरं आहे. पण तिनं म्हटलं की उठेन.